टाकी बदलली की वजन चुकतं? शिशाचा हिशेब रिकाम्या टाकीवर मांडा

ही तक्रार डायव्हिंग करणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मी दर सीझनला ऐकते. रबरी सूट अंगाला पाण्यात वर उचलतो, म्हणून डायव्हर शिशाचं वजन लावतात आणि तरंगणं सांभाळायला अंगातल्या जॅकेटमध्ये हवा भरतात-सोडतात. "मागच्या ट्रिपला तीन किलो शिसं पुरत होतं. या वेळीही तेवढंच घेतलं, खाली नीट गेलो, चाळीस मिनिटं मस्त गेली, आणि शेवटी पाच मीटरवर थांबायला गेलो तर थांबताच येईना." कधी नेमकं उलट: "तोच सूट, तेवढंच वजन, पण या वेळी नुसती खाली ओढली जात होते. जॅकेटमध्ये सारखी हवा भरत होते."

दोन्ही वेळा माणूस श्वासाला, सुटाला, सुटलेल्या सरावाला दोष देतो. पुढच्या डाइव्हला अंदाजाने एक किलो वाढवतो किंवा काढतो, दोन-तीन डाइव्हनंतर जमतं आणि विषय तिथेच राहतो. पुढच्या ट्रिपला टाकी पुन्हा वेगळी असते आणि तेच सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तोच कुणी विचारत नाही: मागच्या वेळी पाठीवरची टाकी कशाची होती, स्टीलची की ॲल्युमिनियमची?

मला हा प्रश्न एका मालवणच्या मुलाने विचारला. तोपर्यंत माझ्या तीसेक डाइव्ह झाल्या होत्या. शेवटच्या दहा माल्टामध्ये, सप्टेंबरात, ३ मिलिमीटरच्या सुटात. तिथे १२ लिटरची स्टीलची टाकी होती आणि तीन किलो शिशावर माझं इतकं छान जमलं होतं की तो आकडा मी माझाच मानून बसले. जानेवारीत अंदमानला शहीद द्वीपला, म्हणजे जुन्या नील बेटावर गेले. बोटीवरचा डाइव्हमास्टर मूळचा मालवणचा निघाला. "ताई, किती देऊ?" तीन, म्हटलं. तो माझ्या टाकीकडे बघून म्हणाला, "मागे कुठली टाकी होती तुमची?" मी टाकीचं काय एवढं, तीनच दे, म्हणाले. पाण्यात उतरले, श्वास सोडला आणि सहज खाली गेले. माझंच बरोबर, असं वाटलं.

टाकीत पन्नास बार दाबाची हवा उरल्यावर, वर येण्याआधीच्या नेहमीच्या तीन मिनिटांच्या थांब्यासाठी पाच मीटरवर आलो. जॅकेट पूर्ण रिकामं, फुप्फुसंही जवळजवळ रिकामी, तरी मी वर निघाले होते. डोकं खाली करून पाय मारत राहिले. त्याने माझा पट्टा धरला, स्वतःच्या खिशातलं दोन किलोचं शिसं काढून माझ्या खिशात घातलं, आणि मी जागच्या जागी थांबले. बोटीवर आल्यावर त्याने माझ्या टाकीचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं साधन, काढला, व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि टाकी दोरीने बांधून पाण्यात सोडली. चौदा-पंधरा किलोची ती टाकी तरंगत राहिली. माल्टातली सोडली असती तर तिने तळ गाठला असता.

तराजूवर सारखं, पाण्यात वेगळं

गोंधळ इथे होतो. आपल्याकडे तारकर्ली-मालवण, गोवा, नेत्राणी, अंदमान, सगळीकडे बहुतेक एकच टाकी भेटते: 'एस ८०' नावाची ॲल्युमिनियमची. ती आतून ११.१ लिटरची आणि व्हॉल्व्ह सोडून साधारण १४.२ किलोची असते. युरोपातली १२ लिटरची स्टीलची टाकीही तेरा ते पंधरा किलोच्या आसपास भरते. उचलून बघितलं तर दोन्ही सारख्याच, म्हणून वजनात फरक पडेल असं कुणाच्या मनात येत नाही.

पण पाणी टाकीचं नुसतं वजन बघत नाही, ती किती पाणी बाजूला सारते तेही बघतं. शाळेत शिकलेलं प्लावक बल ते हेच. ॲल्युमिनियम हलकं आणि स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे तोच दाब पेलायला भिंत जाड करावी लागते. जाड भिंतीने टाकीचा बाहेरचा आकार वाढतो. हिशेब वहीत मांडता येतो आणि एकदा मांडावाच, कारण तो मांडला की विषय कायमचा डोक्यात बसतो.

ॲल्युमिनियमची घनता २.७. म्हणजे १४.२ किलो धातूने व्यापलेली जागा साधारण ५.३ लिटर. आतली जागा ११.१. एकूण १६.४ लिटर. समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो धरलं, तर ही टाकी १६.८ किलो पाणी सारते. त्यातून टाकीचे १४.२ आणि व्हॉल्व्हचा पाऊण किलो वजा केला की उरतात साधारण १.९ किलो, वरच्या दिशेने. रिकामी टाकी तुम्हाला जवळजवळ दोन किलोंनी वर उचलते.

आता स्टील. घनता ७.८. समजा टाकी १४ किलोची आहे. धातूची जागा जेमतेम १.८ लिटर, आतली १२. एकूण १३.८ लिटर, म्हणजे १४.१ किलो पाणी. त्यातून १४ आणि व्हॉल्व्ह वजा केलं की उत्तर शून्याच्या खाली जातं: पाऊण किलोच्या आसपास, खालच्या दिशेने.

दोघींतला फरक २.६ किलो. स्टीलवरून ॲल्युमिनियमवर जाताना तेवढं कमरेला वाढवायचं, ॲल्युमिनियमवरून स्टीलवर जाताना तेवढं काढायचं. स्टीलच्या टाक्या कंपनीप्रमाणे आणि दाबाप्रमाणे बऱ्याच बदलतात. ३०० बारच्या तर खूपच जड. त्यामुळे २.६ हा आकडा पाठ करू नका, हिशेबाची रीत लक्षात ठेवा. बऱ्याच टाक्यांच्या खांद्यावर रिकामं वजन आणि लिटर कोरलेले असतात. अमेरिकी पद्धतीच्या टाकीवर धातूची खूण मिळते: '३एएल' म्हणजे ॲल्युमिनियम, '३एए' म्हणजे स्टील. तेही नसेल तर बूड बघा. ॲल्युमिनियमचं बूड सपाट असतं आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहते. स्टीलचं बूड बहुधा गोल असतं, म्हणून खाली रबरी किंवा प्लॅस्टिकचा बूट चढवलेला दिसतो.

माझ्या गोष्टीत अजून एक छोटा धागा होता. भूमध्य समुद्र जास्त खारट आहे. अंदमानात इरावतीसारख्या नद्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं, त्यामुळे खारटपणा कमी. तेवढ्याने माझी अर्धा किलोची गरज कमी झाली होती. म्हणजे मी प्रत्यक्षात दोन किलोच्या थोडी वर कमी पडत होते. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

मग सुरुवातीला कळलं का नाही?

कारण हवेला वजन असतं. लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, मी १.२ धरते. ११.१ लिटरच्या टाकीत २०० बार हवा म्हणजे २२२० लिटर, म्हणजे २.७ किलो. पन्नास बारपर्यंत आलो की त्यातली दोन किलो बुडबुडे होऊन निघून गेलेली असते. नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजनची हवा असली तरी फरक नगण्य.

आता माझी स्थिती बघा. मी दोन किलोंनी कमी होते, पण सुरुवातीला टाकीत ती दोन किलो हवा होतीच. त्यामुळे पृष्ठभागावर मी जवळजवळ अचूक न्यूट्रल, म्हणजे ना वर जाणारी ना बुडणारी, होते. श्वास सोडला की खाली. पाच-सात मीटरच्या पुढे पाण्याच्या दाबाने सूट दबतो, त्याची उचल कमी होते, म्हणजे तिथेही तक्रार नाही. खोटं उघडं पडतं ते थेट शेवटी: टाकी हलकी झालेली, सूट परत फुगलेला, आणि नेमकं तिथेच तीन मिनिटं स्थिर राहायचं असतं.

मला या विषयात सगळ्यात जास्त काळजी या दिशेची वाटते. स्टीलवर शिकलेला माणूस आकडा घेऊन ॲल्युमिनियमवर येतो, खाली सहज जातो, आणि 'खाली जाता येतंय म्हणजे वजन बरोबर' असा निष्कर्ष काढतो. खाली जाता येणं ही वजनाची परीक्षा नाहीच. परीक्षा पाच मीटरवर, पन्नास बारला, रिकाम्या जॅकेटने होते. तिथे नापास होणं म्हणजे सेफ्टी स्टॉप, म्हणजे पाच मीटरवरचा तो थांबा, हुकणं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये ताबा सुटून वर येणं. फुप्फुसांतली हवा सगळ्यात झपाट्याने फुगते तीही याच शेवटच्या टप्प्यात: दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. कुणी तसं वर जात असेल तर श्वास रोखू नये, सोडत राहावं, हे शिकवलेलं असतंच. पण ती वेळच येऊ नये.

उलट दिशेला, म्हणजे ॲल्युमिनियमवरून स्टीलवर जाताना, लगेच धोका दिसत नाही म्हणून लोक ते चालवून घेतात. अडीच किलो जादा शिसं म्हणजे जॅकेटमध्ये सव्वादोन लिटरच्या आसपास जादा हवा. ती हवा दर मीटरला फुगते-आकसते, म्हणून हात सतत हवा भरायच्या-सोडायच्या बटणावर. पाय खाली लोंबतात, शरीर तिरपं होतं, हवा लवकर संपते आणि फिन प्रवाळावर घासतात. पंधरा मीटरवर बटणाशी झगडणाऱ्या अनेकांना स्वतःचं कौशल्य कच्चं आहे असं वाटत राहतं. बहुतेक वेळा नुसतं शिसं जास्त असतं.

नेमकं कशामुळे होतंय ते ओळखताना

त्रास कधी होतो ते आठवा. फक्त सुरुवातीला खाली जाता येत नसेल आणि शेवटी सगळं ठीक असेल, तर टाकीला दोष देऊ नका. नवा किंवा अजून नीट न भिजलेला सूट आत हवा धरून ठेवतो, जॅकेटच्या मागच्या कोपऱ्यात हवा अडकते, आणि ट्रिपच्या पहिल्या डाइव्हला आपण नकळत छाती भरून श्वास घेतो. छाती गच्च भरलेली आणि मोकळी यांतला फरक एक-दोन किलोंचा सहज असतो. उभे राहा, इन्फ्लेटरची, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची, नळी पूर्ण वर धरा, सावकाश आणि शेवटपर्यंत श्वास सोडा. इथे घाईने दोन किलो वाढवले तर ते पूर्ण ट्रिपभर अंगावर राहतात.

सुरुवात ठीक आणि फक्त शेवटी वर उचललं जात असेल, तर शिसं कमी आहे. शेवटीही पाच मीटरवर जॅकेटमध्ये बरीच हवा ठेवावी लागत असेल, तर जास्त आहे. वजनाचा आकडा जमतोय पण आडवं राहता येत नाही, तर शिशाची जागा चुकली आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मी आता काय करते

बोटीवर चढण्याआधी, जमलं तर आदल्या दिवशीच, टाकी कुठली मिळणार ते विचारते. धातू, लिटर, दाब. मग वहीतल्या माझ्या शेवटच्या पक्क्या आकड्यात धातूचा फरक मिळवते किंवा वजा करते, मग पाण्याचा. गोड्या पाण्यातून समुद्रात किंवा उलट जाताना तुम्ही आणि सगळं सामान यांच्या एकूण वजनाच्या अडीच टक्के फरक पडतो. ९५ किलो असेल तर जवळजवळ २.४ किलो. मुंबई-पुण्याच्या तरणतलावात जमवलेला आकडा घेऊन मालवणला उतरणाऱ्यांना हा फटका बसतो. कागदावर आकडा येतो तो सुरुवातीचा अंदाज, एवढंच.

मग पृष्ठभागावर तपासते. रेग्युलेटर तोंडात, जॅकेट रिकामं, पाय स्थिर, नेहमीसारखा श्वास घेऊन धरलेला. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की बुडायला हवं. बहुतेकांना एवढं शिकवलेलं असतं. पुढचं अर्धं मात्र विसरतं: ही तपासणी भरल्या टाकीवर केली असेल तर जी हवा वापरणार तिचं वजन वर घालायला हवं. ११.१ लिटरला दीडशे बार वापरले तर दोन किलो, १२ लिटरला २.२, १५ लिटरला २.७. हे न घालता 'डोळ्यांच्या रेषेत आलं, झालं' म्हणून गेलात तर शेवटी माझ्यासारखी गत होईल.

पक्की तपासणी डाइव्हच्या शेवटीच करते, आणि त्यासाठी जोडीदाराला आधी सांगून ठेवते. उथळ वाळूच्या जागी, पाच मीटरवर, पन्नास बार असताना, दोरी हाताशी ठेवून जॅकेट पूर्ण रिकामं करायचं. खाली बसत असाल तर एकेक किलो जोडीदाराच्या हातात द्यायचं, नेहमीच्या श्वासावर तरंगत थांबता येईपर्यंत. वर उचललं जात असेल तर त्याच्याकडून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण इथला आकडा खरा.

टाकी स्वतःची असेल किंवा क्लबमध्ये वारंवार तीच मिळत असेल, तर ती एकदा पाण्यात मोजूनच टाका. सामान तोलायचा हातातला काटा पुरतो, तो पाण्याबाहेर राहील असा धरायचा. जवळजवळ रिकामी, व्हॉल्व्ह बंद केलेली स्टीलची टाकी पाण्यात पूर्ण बुडेल अशी लटकवली की आकडा सरळ मिळतो. ॲल्युमिनियमची तरंगेल, म्हणून तिला चार किलो शिसं बांधायचं. आधी नुसतं शिसं पाण्यात मोजा, मग टाकीसकट. जेवढं कमी भरेल तेवढी टाकीची उचल. चार किलो शिसं पाण्यात चार भरत नाही, ३.६ च्या आसपास भरतं, कारण तेही आपल्या जागेचं पाणी सारतं. ही तूट मला स्वतःला मोजेपर्यंत ठाऊक नव्हती. गोड्या पाण्यात मोजलं असेल तर समुद्रासाठी टाकीच्या बाहेरच्या आकारमानाच्या अडीच टक्के उचल वाढवा. 'एस ८०' साठी चारशे ग्रॅम.

शिसं कुठे ठेवायचं

ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की तिचं बूड वर येऊ बघतं, कारण वरच्या टोकाला पितळी व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं वजन असतं. मग कंबर आणि पाय वर जातात, डोकं खाली. वाढवायच्या अडीच किलोंपैकी एक-दोन मी टाकीच्या खालच्या पट्ट्यावरच्या खिशात घालते, बाकी कमरेला. स्टीलला जाताना याच जागचं आधी निघतं.

टाकी जॅकेटला आवळणारा पट्टा मात्र दर वेळी नव्याने बांधा. 'एस ८०' चा व्यास १८४ मिलिमीटर असतो, स्टीलच्या टाक्या १७१ पासून २०३ पर्यंत मिळतात. आधीच्या टाकीला बसवलेला पट्टा बारीक टाकीवर वरवर घट्ट वाटतो, नायलॉन भिजला की सैल होतो, आणि टाकी घसरते. पट्टा आधी पाण्यात भिजवून मग आवळावा आणि जॅकेटची वरची पट्टी धरून सगळं उचलून बघावं. टाकी घसरू लागली तर तोल जातो, आणि आपण पुन्हा वजनाला दोष देतो.

एक गोष्ट जिच्यावर मी अडून बसते

स्टीलच्या टाकीचं वजन संकटात टाकून देता येत नाही. पातळ सूट आणि जड टाकी असेल तर हिशेब असं सांगू शकतो की शिशाची गरजच नाही, आणि कुणी त्याबद्दल कौतुकही करेल. पण भरलेल्या टाकीनिशी तळाशी जॅकेट फाटलं किंवा इन्फ्लेटरची नळी सुटली, तर सोडून द्यायला अंगावर काहीच नसतं आणि तीन-चार किलो खाली ओढणारं सगळं पाठीवर असतं. अशा वेळी मी हलकी टाकी मागते. तीस अंशांच्या पाण्यात पातळ सूट घालून १५ लिटर स्टील घेण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. हवा जास्त मिळते हे खरं, पण उष्ण पाण्यातल्या अठरा-वीस मीटरच्या डाइव्हला ॲल्युमिनियम पुरते.

परदेशात शिशावरचा आकडा पाउंडात आहे की किलोत तेही बघून घ्या. चारचा ठोकळा पाउंडी असेल तर ते १.८ किलोच आहे.

शहीद द्वीपच्या दुसऱ्या दिवशी मी पाच किलो घेतलं, त्यातलं दोन टाकीच्या खालच्या पट्ट्यावर. वहीतली त्या दिवसाची ओळ अशी आहे: 'एस ८० ॲल्युमिनियम, ३ मिलिमीटर, समुद्र, ५ किलो. ५० बार, ५ मीटर, जॅकेट रिकामं. तीन मिनिटं थांबले, हात घडी घालून.' आधीच्या तीस डाइव्हच्या नोंदींत वजन लिहिलेलं आहे, टाकी एकाही ठिकाणी नाही.